खान्देशातल्या वन्यजीव संस्था नेमकं काय काम करतात? त्यांना पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या संस्थांचे फेसबुकवर नुसते साप पकडतानाचे आणि विहिरीतून बिबट्या काढतानाचे व्हिडिओ दिसतात, बाकी वर्षभर हे लोक करतात काय. मी चोपडा-यावल पट्ट्यात अशाच एका छोट्या संस्थेसोबत बऱ्याच वर्षांपासून आहे. नाव टाकत नाही कारण जाहिरात करायची नाहीये, पण काम काय असतं ते सांगतो.

रेस्क्यू हा आमच्या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम असतं फोन यायच्या आधीचं. वावरात काही दिसलं की माणूस पहिला फोन कोणाला लावतो आणि तो लावायच्या आधी काय करून बसतो, जनावर जगेल का मरेल ते बहुतेक वेळा तिथेच ठरून गेलेलं असतं.

आपल्याकडची गोष्ट म्हणजे केळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर सगळीकडे बारमाही हिरवं, ठिबकमुळे बागेत कायम ओल आणि गारवा. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, वर सातपुड्यात सागाची पानं गळून डोंगर उघडा पडलेला, नाले आटलेले, आणि खाली तापीकडे हा गार अंधार. रानडुकरं आतच, कुत्री आतच, मग बिबट्या का नाही येणार? मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा-डोलारखेडा भागात तर पूर्णाकाठच्या केळीत पट्टेरी वाघसुद्धा असतो, मेळघाटपासून यावल अभयारण्यापर्यंत जी जंगलाची तुटक तुटक साखळी आहे तिच्यातला तो मधला तुकडा आहे. त्यामुळे "बिबट्या गावात घुसला" ही बातमी वाचली की मला वाईट वाटतं, कारण मादी बागेतच पिल्लं घालते आणि ती पिल्लं केळीलाच जंगल समजून मोठी होतात, त्यांनी कुठून घुसायचं?

तर होतं काय की घड कापायला गेलेल्या मजुरांना पाचोळ्यात पिल्लं सापडतात. मादी बाजूलाच कुठेतरी असते, दिवसा माणसांमुळे येत नाही एवढंच, पण लोकांना वाटतं आई टाकून गेली, मग कोणी उचलून घरी आणतं, दूध पाजतं, पोरं सेल्फी काढतात. पिल्लू जागेवरून हललं की मादी ते शोधत रात्रभर बागेत फिरते आणि मग रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसाला धोका वाढतो. म्हणून आमचं गावोगाव एकच सांगणं असतं, उचलू नका, लांब व्हा, 1926 लावा. ही वनविभागाची टोल फ्री हेल्पलाइन आहे, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

चोपडा तालुक्यातल्या एका नानांचा फोन आला होता, "भाऊ, दोन पिल्ला शेतस वावरमा, कोनले हात लावू दिधा नही." (वावरात दोन पिल्लं आहेत, कोणाला हात लावू दिला नाही.) हे ऐकून जो आनंद होतो ना तो विहिरीतून जनावर काढतानाही होत नाही, कारण ह्याच गावात आधी आम्ही शाळेत, पारावर, दूध डेअरीवर किती वेळा तेच तेच बोललो होतो. वनविभागाचे लोक आले, डॉक्टरांनी पिल्लं तपासली, मग टमाट्याच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये खाली पाचोळा टाकून पिल्लं जिथे सापडली त्याच जागी ठेवली, बाजूच्या खोडाला ट्रॅप कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) बांधला आणि सगळे निघून आलो. निघून येणं हेच सगळ्यात अवघड असतं, गाव जमलेलं असतं, प्रत्येकाला बघायचं असतं, आमची अर्धी माणसं तर फक्त रस्त्यावर उभं राहून लोकांना हात जोडायला असतात. कॅमेऱ्यात नंतर दिसलं, मादी आली, बराच वेळ कॅरेटच्या अलीकडे बसून राहिली, मग पंजाने कॅरेट आडवं केलं, एक तोंडात धरून गेली आणि थोड्या वेळाने दुसरं न्यायला परत आली.

पण ह्यात नानांचं काय झालं ते कोणत्याच व्हिडिओत येत नाही. कापणी थांबली. घड तयार झाला की तो कोणासाठी थांबत नाही, आणि व्यापाऱ्याची गाडी एकदा परत गेली की पुढचा भाव मिळेल त्याची गॅरंटी नाही. आम्ही व्यापाऱ्याला जाऊन भेटलो, बाजूच्या पट्ट्यातली कापणी आधी करून घेतली, मजुरांना समजावलं, तरी नानांचं थोडं नुकसान झालंच आणि त्याला कुठलाही फॉर्म नाही. ढोर मारलं तर भरपाई आहे, 48 तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं ढोर जागचं हलवायचं नाही, हे सुद्धा कितीतरी शेतकऱ्यांना माहीत नसतं आणि दावा तिथेच बुडतो. मग ते कागद भरून देणं, पंचनाम्याला सोबत उभं राहणं, मागे लागणं, हे पण आमचंच काम आणि माझ्या मते बिबट्या वाचवण्याचं सगळ्यात खात्रीचं काम हेच आहे. ज्याला गायीचे पैसे मिळाले तो उरलेल्या मढ्यावर विषारी औषध टाकत नाही.

दुसरं म्हणजे करंट. रानडुकराला वैतागून लोक कुंपणाच्या तारेत चोरून लाइन सोडतात, डुक्कर राहतं बाजूला आणि बिबट्या मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. नुसतं कायदा सांगून हे थांबत नाही कारण डुक्कर एका रात्रीत मक्याचा सत्यानाश करतं हे खरंच आहे. सौर कुंपणाचा झटका मारत नाही, फक्त हाकलतो, त्यासाठी अनुदान कुठून मिळतं ते शोधून द्यावं लागतं. आणि शेतीला रात्रीची लाइन! हा विषय कोणी वन्यजीवांचा मानतच नाही, पण शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर अंधारात वाकून कॉक फिरवणारा माणूस आणि बिबट्या समोरासमोर यायचं प्रमाण आपोआप कमी होईल. दिवसा विजेच्या मागणीची निवेदनं आम्ही शेतकऱ्यांसोबत जाऊन देतो.

आता थोडं नंदुरबारकडचं, कारण हे खान्देशातल्या पोरांनाच माहीत नसतं. रानपिंगळा म्हणून एक छोटं घुबड आहे. 1884 मध्ये इथेच, जुन्या खानदेश जिल्ह्यात, त्याचा नमुना मिळाला आणि त्यानंतर 113 वर्षं कोणाला तो खात्रीने दिसलाच नाही, संपला असंच धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ह्या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळ परत दिसला, तोही भर दिवसा निष्पर्ण झाडावर बसलेला. बाकी घुबडांसारखा रात्रीचा नाही, दिवसाच शिकार करतो, सरडे उंदीर खातो. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते, म्हणजे वाळकं-पोकळ झाड जळणाला तोडलं की त्याचं घर गेलं. वर घुबड अपशकुनी, जादूटोण्याला लागतं, ह्या समजुती आहेतच. यावलच्या जंगलातही तो आहे. तिकडे पावरा, तडवी, भिल्ल पाड्यांवर जाऊन बसायचं, पोरांना दुर्बीण द्यायची, कुठल्या झाडात जोडी आहे ते त्यांनाच आधी माहीत असतं. त्यांच्यातलीच काही पोरं आता आमच्यापेक्षा चांगली नोंद ठेवतात.

मार्च-एप्रिलमध्ये वणवा. मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळतात आणि ती आग सुटते. मोहावर त्या घराचं वर्षाचं मीठ-मिरची चालतं, तेव्हा "जाळू नका" एवढं बोलून चालत नाही, झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात हे करून दाखवावं लागतं.

सापांचं एवढंच सांगतो, चावला तर भगताकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाचं औषध चालतं त्यामुळे साप मारून सोबत न्यायची काहीच गरज नाही.

पैसे द्यावेत का? द्या, पण बघून द्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली आहे का, दरवर्षीचं ऑडिट दाखवते का, देणगीवर आयकरात सवलतीची (80जी) पावती देते का हे विचारा, चांगल्या संस्थेला ह्याचा राग येत नाही. गळ्यात नाग घालून फोटो टाकणारा किंवा पिल्लू मांडीवर घेऊन व्हिडिओ करणारा असेल तर एक रुपया देऊ नका. सुटका केलेलं जनावर वनविभागाला कळवून सोडतात का तेही विचारा, कारण परवानगीशिवाय हात लावायचा अधिकार आम्हालाही नाही. आमचा खर्च होतो तो डिझेल, ट्रॅप कॅमेऱ्याचे सेल, मेमरी कार्ड आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावर टँकर, ह्यातच.

आणि पैसे नसतील तर वेळ द्या. होळीच्या आधी जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला माणसं कमी पडतात, विळा-फावडं आम्ही देतो, तुम्ही पाण्याची बाटली आणि जाड बूट घेऊन या. गावाकडचे असाल तर तुमच्या भागात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत त्याची यादी करून आपल्या ग्रामपंचायतीला द्या, त्यासाठी कुठल्या संस्थेत नाव लिहायचीही गरज नाही.