उंचावरच्या थंडीत कॅनिस्टर स्टोव्ह का मंदावतो?

तुम्ही विचारलंय की 4,000 मीटरच्या आसपास मुक्काम असताना सकाळी गॅसच्या छोट्या डब्यावर (कॅनिस्टरवर) चालणाऱ्या स्टोव्हची ज्योत मिणमिणती होते, डबा हलवला तर आत गॅस डुचमळतोय हे कळतं, तरी पाणी काही उकळत नाही. हा विरळ हवेचा परिणाम आहे का?

विरळ हवेला उगाच बोल लावू नका. खरा गुन्हेगार डब्याचा गारठा.

डब्यात गॅस (बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन अशांचं मिश्रण) द्रवरूपात असतो. तो आतल्या आत उकळून वाफ झाला, तरच बर्नरपर्यंत पोचतो. समुद्रसपाटीच्या दाबाला साधा ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे 12च्या आसपास आणि प्रोपेन उणे 42ला. उंचावर बाहेरचा दाब कमी असल्याने हे आकडे आणखी खाली जातात. ढोबळ हिशेबाने 4,000 मीटरवर ब्युटेन उणे 13च्या सुमारास उकळतो. म्हणजे उंची उलट थोडी मदतच करते! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ पटलं नव्हतं.

मग ज्योत का मरते? एक तर डबा रात्रभर बाहेर काकडलेला असतो. त्यात द्रवाची वाफ होताना तो स्वतःचीच उष्णता खर्च करतो, त्यामुळे चालू स्टोव्हचा डबा हवेपेक्षाही गार होत जातो. बाहेरून हिम धरलेलं तुम्ही पाहिलं असेलच. दुसरं म्हणजे मिश्रणातला प्रोपेन आधी पळतो आणि मागे ब्युटेनची मिजास उरते. तुमचा डुचमळणारा गॅस बहुधा हाच. म्हणून कडक थंडीसाठी नवा डबा ठेवावा आणि अर्धवट वापरलेले डबे खालच्या, उबदार मुक्कामावर संपवावेत. मी हे नेमकं उलटं केलं होतं. पहाटे साडेचारला अर्धा लिटर बर्फ वितळवताना मेणबत्तीएवढ्या ज्योतीपुढे उकिडवं बसून राहिलो.

उपाय सोपा आहे. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, नाहीतर पेटवण्याआधी पंधरावीस मिनिटं जाकिटाच्या आत धरा. स्टोव्ह सुरू झाल्यावर मात्र माझा भरवसा पाण्यावर. पसरट ताटलीत थोडं पाणी घ्या आणि डबा त्यात उभा करा. पाणी कोमट असेल तर उत्तमच, पण गारही चालतं, कारण पूर्ण गोठेपर्यंत ते शून्याच्या खाली जात नाही. गोठतानाही उष्णता देतच राहतं. हवा उणे 15 असताना शून्याचं पाणी म्हणजे डब्याला शेकोटीच. कडेला बर्फ धरू लागला की भांड्यातलं चमचाभर गरम पाणी त्यात घाला. हात लावून डबा कोमटपेक्षा जास्त तापत नाही ना, हे बघत राहा. हाताला चटका बसला तर लगेच बंद करा.

डब्यावरच बसणाऱ्या बर्नरभोवती वाऱ्याचा आडोसा पूर्ण गुंडाळू नका. उष्णता कोंडून डबा फुटू शकतो. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवूही नका. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो.

वारंवार अशा थंडीत जाणार असाल, तर नळीने जोडलेला स्टोव्ह घ्या, ज्याची नळी ज्योतीतून जाते. त्यात डबा उलटा ठेवता येतो. मग द्रवच बर्नरकडे येतो आणि नळीत तापून त्याची वाफ होते. डब्यातल्या दाबावरचा भार कमी होतो आणि प्रोपेन आधी संपण्याची अडचणही राहत नाही. पण ज्या स्टोव्हला अशी तापणारी नळी नाही, त्याचा डबा उलटा करू नका. मोठा भडका उडतो.

गॅसचा अंदाज मात्र सढळ धरा. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी जवळपास 80 अंशांपर्यंत तापलं असतं. भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घालून मगच बर्फ टाका, आणि झाकण ठेवा. 4,000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजवायला वेळ लागणाऱ्या गोष्टी तिथे नेऊच नका. आणि लायटरची ठिणगी उंचावर दगा देते. काडेपेटी खिशात कोरडी ठेवा.