६०० एमएमची लेन्स राहू दे, आधी कढीपत्ता बघ

काय रे,

तुझे फोटो बघितले, सगळे. दोनशे बारा फोटो पाठवलेस, त्यातल्या दीडशेत पक्षी म्हणजे आभाळात एक काळा ठिपका आहे, आणि वर विचारतोस की लांबचं जवळ आणणारी ६०० एमएमची लेन्स घेऊन ताडोबाला जाऊ का. जा की, पण पुढच्या वर्षी. आत्ता तुझ्या मागच्या दारी जो कढीपत्ता आहे ना, तिथं जा.

त्या झाडावर मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून कुणी बघत पण नाही, मग शेवटच्या कातेनंतर एकदम हिरवीगार होते आणि तिला जरा डिवचलं की डोक्यामागून शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते, उग्र वास येतो. (डिवचू नकोस, मी केलंय म्हणून माहितीये.) पुढे कोष, आणि कोष काळपट पडून आतले पंख दिसायला लागले की समज उद्या सकाळी फुलपाखरू, त्या दिवशी अलार्म लाव. हे सगळं मोबाइलवर दोन-तीनशे रुपयांची क्लिपवाली मॅक्रो लेन्स (जवळचं बारीकसारीक टिपणारी) लावून होतं. वारा सुटायच्या आत, म्हणजे साडेआठपर्यंत उरक, नंतर पान हलतं आणि तू शिव्या घालत बसतोस.

कुंपणावरचा सरडा पण सोडू नको. पावसाच्या आसपास नराचं डोकं-गळा लालभडक होतो. तू उभ्यानं वरून फोटो काढलायस, त्यात नुसती पाठ आलीये. खाली बस, कपडे मळू देत, त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला ये आणि फोकस डोळ्यावरच ठेव, शेपूट ब्लर झाली तरी चालेल. पहिल्या मोठ्या पावसात रात्री डबक्यांकडे गेलास तर पिवळेधमक बेडूक दिसतील, पण टॉर्च आणि गमबूट पाहिजेच, आपल्याकडे घोणस असते हे विसरू नको.

आता एक सांगतो जे मी कुणाला फारसं सांगत नाही. शिंपी पक्ष्यानं पानं शिवून केलेलं घरटं मला सापडलं होतं, फोटो नीट यावा म्हणून मी पुढची दोन पानं कापली. फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं, वरच्या फांदीवर कावळे. तो फोटो अजून हार्ड डिस्कवर आहे पण मी कुठे टाकला नाही. त्यामुळे तू पाठवलेला बुलबुलाच्या पिल्लांचा क्लोजअप मला आवडला नाही हे स्पष्टच सांगतो, आणि तिथं परत जाऊ नको.

कॅमेरा हवाबंद डब्यात ठेव, सिलिका जेल टाकून. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून घ्यायचे, परत निळे होतात. कोकणातल्या दमटपणात माझी एक चांगली लेन्स बुरशीनं गेलीये. आणि एसीतून एकदम बाहेर काढलास तर काच धुकटणार, तेव्हा बॅगेतच थोडा वेळ राहू दे.

महिनाभर रोज एकाच झाडाचे फोटो काढ आणि फक्त पाच पाठव, दोनशे नकोत. आणि हो, हिरवी अळी दिसली की आधी आईला सांग, ती फांदी फोडणीला तोडू नको म्हणून.

तुझा काका