पहिल्याच दिवशी ड्रायव्हर नको

अरे, डिस्क गोल्फ, म्हणजे डिस्क (तबकडी) फेकून टोपलीत टाकायचा खेळ, शिकायचंय तर ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, आत्ता घेऊच नकोस. ती पातळ कडेची डिस्क पुरेशा वेगाने सुटली नाही, तर उजव्या हाताच्या बॅकहँडवर (हात अंगासमोरून आडवा नेऊन केलेल्या फेकीत) लवकरच डावीकडे वळते आणि झुडपात शिरते. 170 ग्रॅमच्या आसपासचा एकच पटर, म्हणजे जवळून टाकायची डिस्क, घे आणि नेरुळच्या आपल्या बागेत सकाळी सहाला ये. खाडीवरचं वारं तेव्हा सहसा पडलेलं असतं. साखळ्यांची टोपली नसली तरी अडत नाही, घरून बादली आण. टोपलीपासून दहा मीटरच्या आतून टाकताना डिस्क सुटल्यावर तोल सावरायचा, तो न सावरताच पुढे पाऊल टाकलं तर फाउल. ही सवय आजपासूनच लाव. आणि फिरायला आलेले आजी-आजोबा पुढून जाईपर्यंत हात खालीच ठेव, कितीही वेळ लागो. डिस्क लागली तर चांगलीच इजा होते. पावसाळ्यात कोरडा पंचा सोबत असू दे, ओली डिस्क बोटांतून निसटते.