विकलेलं चित्र पाठवताना लेक रडते. या पेशात ती टिकेल का?

प्रश्न: मुलगी कोल्हापुरात बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाहू स्मारक भवनातल्या प्रदर्शनात तिचं आजोळच्या सोप्याचं तैलचित्र विकलं गेलं. बंगळूरच्या एका बाईंनी निम्मे पैसे आगाऊ दिलेत. ते घर मध्यंतरी पाडलं. आता चित्र पाठवायचं म्हटलं की ती रडते, पैसे परत करू म्हणते. इतक्या हळव्या मुलीनं चित्रं विकून पोट कसं भरायचं? तिला बँकेच्या परीक्षांना बसवू का?

उत्तर: नमस्कार. लेकीचं रडणं पाहून तिच्या कुवतीबद्दल शंका घेऊ नका. इंग्लंडचा चित्रकार टर्नर चित्रं विकून श्रीमंत झाला, पण १८३९ साली रंगवलेलं 'फायटिंग टेमेरेअर' त्यानं हयातीत कुणालाच विकलं नाही. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जे द्यायचं नव्हतं, ते त्यानं विक्रीतून बाजूला ठेवलं. तुमच्या मुलीनं हे आधी ठरवलं नव्हतं, एवढंच झालंय. पुढच्या वेळी अशा चित्राखाली 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावता येते. गॅलऱ्यांमध्ये हे नेहमीचंच आहे.

हे चित्र मात्र पाठवायलाच हवं. किंमत तिनं सांगितली, 'विकलं गेलं' हे सांगणारी लाल टिकली तिच्या संमतीनं लागली. त्या बाईंनी एका विद्यार्थिनीच्या कामावर विश्वास टाकलाय, तो मोडणं मला अजिबात पटत नाही.

तिच्याजवळ काय उरतं, हे तिला नीट समजावून सांगा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, असं स्वतःहून काढलेलं चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो द्यायचा तर लेखी करार लागतो. हा हक्क तिच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. बाईंना चित्र भिंतीवर लावता येईल, पण तिला न विचारता त्याची कॅलेंडरं छापता येणार नाहीत. शिवाय याच कायद्याचं कलम ५७ आहे. विकलेल्या कलाकृतीची मोडतोड झाली, तर त्याविरुद्ध कलाकाराला त्यानुसार दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. ते सरकारच्या मालकीचं होतं, तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अवशेष शिल्पकाराला परत करायला लावले आणि ५ लाखांची भरपाई दिली. मालकी बदलली तरी कलाकाराचं नातं कायदाही मानतो, हे तिला कळलं तर तिला खूप धीर येईल.

पॅकिंग तिलाच करू द्या, तुम्ही परस्पर कुरिअरवाल्याला देऊ नका. आधी दिवसाउजेडी चांगला फोटो काढायचा. माप, माध्यम, साल वहीत टिपायचं. तैलरंग वरून सुकलेला वाटला तरी आतून वाळायला महिने लागतात, म्हणून कॅनव्हास गुंडाळू नये, चौकटीसकट पाठवावा. बबल रॅप थेट रंगावर आला तर त्याचे ठसे उमटतात. आधी ग्लासिन नावाचा गुळगुळीत पातळ कागद, मग बबल रॅप, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा आणि बाहेरून प्लायवुडची पेटी. सोबत त्या सोप्याबद्दल, तिथं कोण बसायचं याबद्दल चार ओळी तिनं स्वतःच्या हातानं लिहाव्यात. विकत घेणाऱ्यालाही ते हवं असतं.

पुढच्या काही विक्रींनंतरही हा त्रास असाच राहिला, तर कामाचा प्रकार बदलता येतो, क्षेत्र सोडायची गरज नाही. प्रिंटमेकिंगमध्ये एका चित्राच्या अनेक प्रती निघतात, एखादी स्वतःकडे ठेवता येते. पुस्तकांसाठी चित्रं काढताना छपाईचे हक्क देऊन मूळ चित्र स्वतःकडे ठेवायचा करार करता येतो.

बँकेच्या परीक्षेचं म्हणाल तर तिला स्वतःला ती नोकरी हवी असेल तर जरूर बसू दे. पण या रडण्यावरून तो निर्णय घेऊ नका. निदान शेवटच्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत घरात तो विषयही काढू नका.