डिमॉर्फोथेकाच्या पाकिटातले दोन तऱ्हेचे बी

प्रश्न : डिमॉर्फोथेका या फुलझाडाच्या पाकिटात काही बी कागदासारखे चपटे, तर काही जाड आणि खडबडीत निघाले. ही भेसळ का? ऑगस्टमध्ये कुंडीत पेरले, उगवलेही. पण आठवड्यात रोपे बुंध्याशी सडून आडवी झाली. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भेसळ नाही. हे फूल सूर्यफुलाच्या कुळातले, त्यामुळे एका ‘फुलात’ अनेक बारीक फुले असतात. मधल्या चकतीतल्या फुलांना चपटे, पंखाचे बी धरते आणि कडेच्या पाकळ्यांच्या मुळाशी बिनपंखाचे जाड बी. नावाचा अर्थच ‘दोन रूपांची फळे’. पंखाचे बी वाऱ्यावर दूर जाते आणि ओल लागली की चटकन रुजते. जाडे रेंगाळते, म्हणजे एखादा पाऊस फसवा निघाला तरी सगळे बी एकदम खर्ची पडत नाही. दोन्ही निवडून वेगवेगळे पेरा. चपटे साधारण ८ ते १५ दिवसांत उगवेल. जाड्याचा वाफा महिनाभर मोडू नका.

रोपे गेली ती हंगाम चुकल्याने. हे झाड दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडचे. तिथे पाऊस थंडीत पडतो, तोही बेताचा. म्हणून आपला पावसाळा याच्या कामाचा नाही. ऑक्टोबरअखेर, रात्री गार होऊ लागल्यावर पेरा. २ भाग माती, १ भाग जाड वाळू, १ भाग कुजलेला पालापाचोळा घ्या. बी अर्धा सेंटिमीटरच झाका आणि पाणी झारीने सकाळी द्या. पृष्ठभाग सुकल्याशिवाय पुन्हा नको. रोपे दाट राहिली की मर (बुंधा सडून रोप आडवे होण्याचा रोग) लागते, म्हणून विरळणी करा. मर दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २.५ ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे बुंध्याशी ओता; पण आडवे झालेले रोप त्याने उठत नाही, फक्त शेजारची वाचतात. चार-पाच पानांवर २० सेंटिमीटर अंतराने लावा.

प्रश्न : बाल्कनीतल्या डिमॉर्फोथेकाला कळ्या येतात, पण फुले अर्धवटच उमलतात. शेणखत भरपूर घातले आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : रात्री आणि ढगाळ हवेत मिटणे हा या फुलाचा स्वभाव, त्याला निदान सहा तास थेट ऊन लागते. बाल्कनी उत्तरेची असेल तर कुंडी गच्चीवर न्या. शेणखत थांबवा. त्यातले नत्र वाढले की पाने माजतात आणि कळ्या कमी येतात. (फुलदाणीसाठीही हे फूल घेऊ नये, खोलीत मिटूनच बसते.)

प्रश्न : नर्सरीतून ‘आफ्रिकन डेझी’ आणली. तिला चपटे बी धरतच नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मग ते डिमॉर्फोथेका नसून, याच नावाने विकले जाणारे ऑस्टिओस्पर्मम बहुधा असावे. त्याच्या मधल्या चकतीत बी धरत नाही, फक्त कडेला धरते. ते बहुवर्षायू आहे. बियांच्या नादी न लागता कोवळ्या शेंड्याचे ७-८ सेंटिमीटरचे काप वाळूत लावा.