लांज्याच्या बागेत सोलरवर कॅमेरे: 1,42,000 चं कर्ज काढावं का?

प्रश्न: लांजा तालुक्यात आमची दोन एकर हापूसची बाग आहे, आम्ही ठाण्यात राहतो. बागेत महावितरणची लाइन नाही. गेल्या हंगामात अंदाजे 35,000 चा आंबा आणि सौर पंपाची 6,000 ची केबल चोरीला गेली. सहा वायफाय कॅमेरे, एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), 540 वॉटची दोन पॅनेल, 150 एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर असं 1,42,000 चं कोटेशन आलंय. 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढू, की तीन लाखांची एफडी मोडू? अनुदान मिळेल का?

उत्तर: कर्ज नको, आणि हे कोटेशनही नको. कर्जाचा हप्ता सुमारे 4,850 पडेल. तीन वर्षांत 32,700 रुपये नुसतं व्याज, म्हणजे गेल्या वर्षी चोरांनी नेलेल्या आंब्याइतकंच. कॅमेरे मात्र घ्या, पण निम्म्याहून कमी पैशांत.

कोटेशन एवढं का फुगलं, ते बघा. सहा कॅमेरे सरासरी 5 वॉटने 30, हार्डडिस्कवाला एनव्हीआर 12, राउटर 6 आणि इन्व्हर्टर रिकामा चालतानाही 15 वॉट खातो. एकूण 63 वॉट, म्हणजे दिवसाला सुमारे 1,510 वॉट-तास. यातला जवळजवळ चौथा हिस्सा इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीची एसी करण्यात घालवतो, आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर तिची पुन्हा डीसी करतो! बहुतेक कॅमेरे आणि राउटर 12 व्होल्ट डीसीवर चालतात. इन्व्हर्टर आणि एनव्हीआर दोन्ही काढा, रेकॉर्डिंग प्रत्येक कॅमेऱ्यातल्या 128 जीबी कार्डावर ठेवा.

दोन पॅनेल विक्रेत्याने जुलै डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. त्याचा हिशेब चुकीचा नाही. कोकणात भर पावसाळ्यात कामाचं ऊन दिवसाला दोन तासांहून जास्त धरवत नाही, एप्रिलमध्ये साडेपाच तास सहज मिळतं. पण जुलैत तुमच्या झाडावर राखायला असतं काय? चोरी होते ती मार्च ते मेमध्ये, नेमकी ऊन भरपूर असताना. म्हणून यंत्रणा हंगामाच्या मापाची घ्या आणि पावसाळ्यात एक कॅमेरा सोडून बाकीचे बंद ठेवा.

तीन कॅमेरे आणि 4जी राउटर मिळून 21 वॉट होतात. थोडी घट धरून दिवसाला 550 वॉट-तास लागतील. 335 वॉटचं एक पॅनेल एप्रिलमध्ये सगळी घट वजा जाऊन जवळपास 1,290 देतं, जुलैत 470. पावसाळ्यात एक कॅमेरा आणि राउटर 290 वर भागतात. 12.8 व्होल्ट 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऊन अजिबात नसतानाही दोन दिवस काढते. लेड-अ‍ॅसिड (कोटेशनमधल्या ट्युब्युलर त्याच जातीच्या) स्वस्त पडते, पण रोज निम्म्याखाली उतरली की लवकर मरते, आणि पाणी घालायला तुम्ही ठाण्याहून जाणार नाही.

माझा अंदाज असा: पॅनेल 9,000, बॅटरी 22,000, 30 अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचा जास्त व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीच्या मापात उतरवणारा) 6,500, कार्डासह तीन कॅमेरे 12,000, राउटर 4,500, स्टँड, वायर, फ्यूज, अर्थिंग आणि डबा 8,000. एकूण 62,000.

कंट्रोलरवर दोन हजार वाचवायचा मोह होईल. आवरा. या पॅनेलचा कामाचा व्होल्टेज 37 च्या आसपास असतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर तो बॅटरीच्या 13 व्होल्टवर ओढून आणतो आणि 335 वॉटच्या पॅनेलमधून जेमतेम 117 वॉट हाती येतात. डब्यावर एमपीपीटी छापून आत पीडब्ल्यूएम असलेला मालही बाजारात आहे. वजनाला हलका आणि हजार रुपयांचा असेल तर तो एमपीपीटी नाही.

'वायरलेस' या शब्दानेही फसू नका, विजेची वायर लागतेच. 40 मीटरवर बारीक अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर अर्ध्या अँपिअरला 1.4 व्होल्ट गळतात. मग दिवसा कॅमेरा छान चालतो आणि रात्री अंधारात बघायचे आयआर दिवे लागले की परत परत रीस्टार्ट होतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. चार्ज होताना बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत चढते, म्हणून मधे स्थिर 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर हवाच. बॅटरीजवळ 40 अँपिअरचा फ्यूज, लोडला 5 अँपिअरचा. मे आणि ऑक्टोबरच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर.

सोलर पॅनेल डोक्यावर घेतलेले सिमवाले कॅमेरे स्वस्त दिसतात, पण ते हालचाल टिपल्यावरच जागे होतात आणि पहिले एक-दोन सेकंद निसटतात. दिवसा माकडं आणि रात्रभर हलणाऱ्या फांद्या त्यांना जागं ठेवतात, बॅटरी पहाटेआधीच संपते. शिवाय प्रत्येकाचं रिचार्ज वेगळं.

आता वर्षाचा खर्च. पॅनेल आणि जोडणी 12 वर्षं, बॅटरी 8, कॅमेरे, राउटर आणि कंट्रोलर 4 वर्षं टिकतील असं धरा, वर डेटाचे महिना 300. वर्षाला साधारण 13,500 होतात. गेल्या वर्षीचं नुकसान 41,000. त्यातलं एक तृतीयांश वाचलं तरी खर्च निघतो. पण कॅमेरा चोर धरत नाही, फक्त कळवतो. तुम्ही ठाण्यात, पोलीस लांब. दहा मिनिटांत बागेत पोहोचेल असा शेजारी नसेल तर 62,000 सुद्धा वाया, मग हंगामापुरता राखणदारच ठेवा. असेल तर त्याच्या फोनवरही अलर्ट द्या आणि हंगामाचे दोन-तीन हजार हातावर ठेवा.

पैशांसाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त असतं. 8.5 टक्के धरले तर 62,000 वर सहा महिन्यांचे 2,600 होतात, आंब्याचे पैसे आले की फेडून टाका.

अनुदान नाही. पीएम सूर्यघरचे 78,000 पर्यंतचे पैसे ग्रिडला जोडलेल्या घरगुती छतासाठी आहेत. पंप 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला असेल तर त्याला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह असते. केबलचा दावा करता येतो का ते आधी विचारा. त्या पंपाच्या पॅनेलमधून कॅमेऱ्याला वायर मात्र काढू नका, तिथला व्होल्टेज शंभराच्या वर असतो आणि हमीवरही पाणी पडेल. घरफोडीच्या पॉलिसीत झाडावरचा आंबा धरू नका.

बिलात दोन गोष्टी तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनेलवर जीएसटी 5 टक्के आहे, कॅमेरे आणि बॅटरीवर 18. सगळ्यावर सरसकट 18 लावलं असेल तर वेगळं करून मागा. आणि 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे, ते प्रमाणपत्र नसलेला कॅमेरा घेऊ नका.

यातलं काहीही घेण्याआधी बागेच्या तिन्ही जागी फोन नेऊन वेगवेगळ्या सिमचा अपलोड मोजा, सकाळी आणि रात्री. 2 एमबीपीएस मिळत नसेल तर राउटर उंच खांबावर बाहेरच्या अँटेनासह लागेल, त्याचे पैसे वेगळे. डिसेंबरात एकच कॅमेरा लावून महिनाभर बघा, उरलेले दोन फेब्रुवारीत घ्या.