नवा रंग मुरू द्या

दसरा तोंडावर आला की डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमधून चकचकीत होऊन गाड्या बाहेर पडतात आणि पहिल्या महिन्यातच घरच्या हातांनी खराब होतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच पहिल्या महिन्याचे आहेत.

दाराला आणि मडगार्डला रंग मारून चार दिवस झाले. हाताला कोरडा लागतो. रोज सकाळी कपडा मारतो, चालेल ना? (राजारामपुरी)

कपडा आजपासून बंद करा. रंग कोरडा लागतो म्हणजे तो घट्ट झाला असं नाही. गुऱ्हाळावर साच्यात भरलेला गूळ वरून धरतो, पण आतली ऊब बराच वेळ जात नाही. रंगाचंही तसंच आहे. कंपनीत नुसता पत्र्याचा सांगाडा भट्टीत जातो, तिथे साधारण १४० अंश सेल्सिअसला रंग भाजला जातो. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीला टायर, वायरिंग, प्लॅस्टिक सगळं जोडलेलं असतं, त्यामुळे बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद गरम खोलीत, ६० अंशांच्या आसपास अर्धा तास, एवढंच करता येतं. बूथच नसेल तर सगळी भिस्त हार्डनरवर (रंग घट्ट व्हावा म्हणून त्यात मिसळतात ते द्रव्य) आणि हवेवर. आत उरलेलं थिनर पुढे कित्येक आठवडे हळूहळू उडत राहतं आणि तोवर वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ असतो.

त्यात आपल्याकडची धूळ. ऊसगाड्या सुरू झाल्या की मातीसोबत कारखान्याची काजळीही येऊन बसते. कोरडा कपडा फिरवलात की हे सगळं पॉलिश पेपरसारखं घासलं जातं. रात्री मोबाइलची बॅटरी दारावर तिरकी धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले तर ते या कपड्याचे.

पहिला आठवडा धुऊ नका. फारच चिखल उडाला तर पाइपने हलकं पाणी सोडा. त्यानंतर सावलीत, गाडीच्याच सौम्य शाम्पूने, दोन बादल्या घेऊन धुवा: एकीत शाम्पू, दुसरीत कपडा खळबळायचं साधं पाणी. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नकोच. सर्व्हिसिंगला गेलात तर प्रेशरचं पाणी महिनाभर त्या भागावर मारू नका म्हणून आधीच सांगून ठेवा.

गॅरेजवाले म्हणतात, लगेच वरून सिरॅमिक कोटिंग करून घ्या, एकत्र स्वस्तात पडेल. (ताराबाई पार्क)

थांबा. वॅक्स असो, सिरॅमिक असो की पारदर्शक फिल्म, तिन्ही वरून झाकण घालतात. आतलं थिनर अडकलं की चकाकी मरते, रंग धुरकट दिसतो. फिल्मखाली फुगे येतात आणि ती काढताना रंगही सोबत निघू शकतो. बूथमध्ये भाजलेल्या रंगाला निदान ३० दिवस, हवेवर वाळलेल्याला ६० ते ९० दिवस द्या. नेमका आकडा रंगाच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो पेंटरकडूनच घ्या. धुळीचे कण काढायला पेंटर स्वतः रबिंग-बफिंग (घासून चमकवणं) करतो, ते वेगळं काम आहे. त्याला हरकत नाही.

बोनेटच्या रंगाला पंधरा दिवस झालेत. खंडेनवमीला पूजा कशी करायची? (कसबा बावडा)

पूजा जरूर करा. फक्त ओलं हळद-कुंकू नव्या रंगावर लावू नका, डाग आत उतरतो. स्वस्तिक काचेवर काढा. हार ग्रिलला बांधा आणि तो तारेत ओवलेला नाही ना, हे पाहा. गाडी चालू झाली की तार तिथल्या तिथे हलत राहते आणि रंगावर चर पडतो. नारळाचं पाणी उडालं तर लगेच धुऊन टाका. जोतिबाच्या डोंगरावर नव्या रंगाची गाडी न्याल तेव्हा गुलाल कोरडा असतानाच पाण्याच्या धारेने उतरवा, हाताने पुसू नका.

गाडी झाडाखाली लागते. पक्षी घाण करतात म्हणून कव्हर घालू का? (रंकाळा परिसर)

महिनाभर कव्हर नको. माझ्या गाडीच्या बोनेटला रंग मारून दहा दिवस झाले होते. पावसात भिजून आलो आणि तशीच झाकून ठेवली. सकाळी कव्हर उचललं तर कापडाची वीण बोनेटवर उमटलेली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. शेवटी बफिंग करावं लागलं. जागा बदला, शेड असेल तर उत्तमच. विष्ठेत आम्ल असतं आणि उन्हात ती काही तासांत मऊ क्लिअर कोट खाते. ओला कपडा पाच मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. घासू नका. पेट्रोल भरताना ओघळ आला तरी तो लगेच पाण्याने धुवा.

नवं दार बाकी गाडीपेक्षा गडद दिसतं. काही दिवसांत जुळेल का? (उचगाव)

नाही जुळणार. मेटॅलिक आणि पर्ल रंगात शेजारच्या भागावर शेड विरवत न्यावी लागते, ते राहून गेलेलं दिसतं. दुपारच्या उन्हात, दोन्ही बाजूंनी तिरकं बघून पेंटरला दाखवा, आणि हे याच आठवड्यात करा.